घाशीराम कोणाचा?

16 डिसेंबर 1972 रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. 19 प्रयोगांनंतर नाटक बंद पडलं. ज्या संस्थेने ते उभं केलं होतं त्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने, पुणेकरांच्या तोंडी असलेल्या ‘पीडीए’ने, स्वतःच ते थांबवायचं ठरवलं. संस्थेची धुरा भालबा केळकरांकडे होती. नाना फडणवीसांसारख्या मुत्सद्द्याची या नाटकात विटंबना होते आणि साऱ्या ब्राह्मण समाजाची नालस्ती होते, असा आक्षेप गावात उठला होता. तो संस्थेच्या आतही पोचला. बाहेरच्या मोर्चाला तोंड देणं एक वेळ सोपं असतं. घरातल्याच वडीलधाऱ्या माणसाने मान हलवली की तरुण कलावंतांची पंचाईत होते.

तेंडुलकरांचं म्हणणं त्या वेळीही स्पष्ट होतं आणि पुढेही त्यांनी ते सोडलं नाही. हे नाटक ऐतिहासिक नाही, इतिहास ही फक्त पार्श्वभूमी आहे, घाशीराम कोणत्याही काळात आणि कोणत्याही गावात जन्माला येऊ शकतो, असं ते सांगत राहिले. पुस्तकातही तसं निवेदन आलं. तरीही प्रेक्षक त्यात नानाच पाहत राहिला, सदाशिव पेठच पाहत राहिला. लेखकाने एक लिहावं आणि लोकांनी दुसरंच वाचावं, हे साहित्यात नेहमीच घडतं. पण एकाच नाटकाच्या बाबतीत, पन्नास वर्षांहून जास्त काळ, दर पिढीला वेगळ्या तऱ्हेने घडावं, असं मराठीत तरी दुसरं उदाहरण मला आठवत नाही. आक्षेप घेणाऱ्यांनी ते लेखकाच्या मनाविरुद्ध वाचलं आणि डोक्यावर घेणाऱ्यांनीही. या दोघांत जास्त चुकलं कोण, हा मला खरा महत्त्वाचा प्रश्न वाटतो.

ज्यांनी नाटक पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. कनोजचा एक गरीब ब्राह्मण नशीब काढायला पेशव्यांच्या पुण्यात येतो. नाचणारणीच्या घरी पडेल ते काम करतो. पर्वतीवर दक्षिणा वाटतात तिथे जातो, तर मार खाऊन परततो. चोरीचा आळ येऊन कोठडीत पडतो आणि बाहेर हाकलला जातो तेव्हा या शहराचा सूड घेण्याची शपथ घेतो. सुडासाठी त्याच्याजवळ एकच भांडवल आहे, पोटची मुलगी गौरी. नानांची नजर तिच्यावर पडते. मुलीच्या बदल्यात घाशीरामाला कोतवाली मिळते. मग शहरावर परवान्यांचं राज्य सुरू होतं, रात्री घराबाहेर पडायला परवाना, प्रत्येक गोष्टीला परवाना, आणि संशय आला की तापलेला लोखंडी गोळा हातावर. गौरी मरते. घाशीराम आणखी पिसाळतो. शेवटी दक्षिणेकडून आलेले काही ब्राह्मण त्याच्या बागेतली फळं तोडतात म्हणून तो त्यांना कोंडतो, ते गुदमरून मरतात, गाव नानांच्या वाड्यावर चालून येतं, आणि नाना शांतपणे कोतवालाला जमावाच्या हवाली करतात. तो दगडांनी ठेचून मारला जातो. नाना उत्सव जाहीर करतात.

कथा एवढीच. ती सांगितली गेली ती मात्र त्यापूर्वी मराठी रंगमंचावर कोणी सांगितली नव्हती अशा पद्धतीने. बारा ब्राह्मण ओळीने उभे राहतात आणि त्यांची भिंत होते. भिंत वळते आणि रस्ता होतो, देऊळ होतं, वाडा होतो, नाचणारणींची बावनखणी होते. भिंत गाते, डोलते, कुजबुजते, लपवते. कोकणातल्या खेळ्यांची आणि दशावताराची लय, कीर्तन, लावणी, अभंग यांची सरमिसळ. भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल तेव्हा तिशीचे होते. नाना झालेले डॉ. मोहन आगाशे पंचविशीचे. रमेश टिळेकर घाशीराम होते, श्रीराम रानडे सूत्रधार. पटेल बालरोगतज्ज्ञ, आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, दोघंही बी. जे. मेडिकलचे. संच पुण्यातला, प्रेक्षक पुण्यातला आणि गोष्टही पुण्यातली.

यात इतिहास किती? घाशीराम सावळदास नावाचा कोतवाल पुण्यात खरोखर होता. 1791 च्या ऑगस्टअखेर त्याच्या कोठडीत कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, लोक खवळले, नाना फडणवीसांनी त्याला लोकांच्या ताब्यात दिलं आणि लोकांनी त्याला दगड मारून ठार केलं, हेही खरं. 1863 साली मोरोबा कान्होबा यांनी त्याच्या नावाचं पुस्तकही लिहिलं. म्हणजे तेंडुलकरांच्या कितीतरी आधी घाशीराम मराठीत आलेला होता. पण मुलगी देऊन पद घेतल्याचा जो सौदा नाटकाच्या मध्यभागी आहे त्याला कागदपत्रांचा आधार नाही. नेमका तिथेच आक्षेप घेणाऱ्यांनी बोट ठेवलं.

आणि नाना म्हणजे कोणी आडबाजूचा सरदार नव्हे. पानिपतातून वाचलेला, बारभाईंच्या कारस्थानात पुढे आलेला, सवाई माधवरावांच्या नावाने राज्य चालवणारा हा माणूस. पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांतला अर्धा म्हणून लोक त्याचं नाव घेत आले, आणि तो अर्धा का, तर तलवार चालवत नव्हता म्हणून. अक्कल पूर्णच होती. त्याने बांधलेलं बेलबागेचं देऊळ आजही लक्ष्मी रस्त्यावर आहे, दर वर्षी विसर्जनाची मिरवणूक त्याच चौकातून जाते. वाईजवळ मेणवलीला त्याचा वाडा आणि कृष्णेवरचा घाट उभा आहे. भरत नाट्य मंदिरातून निघालेला प्रेक्षक चालत चालत नानांच्या देवळापाशी पोचू शकत होता. अशा गावात रंगमंचावरचा नाना लावणीच्या ठेक्यावर बायकांमागे धावताना दिसला, तर तो ‘फक्त पार्श्वभूमी’ आहे हे लोकांनी कसं मानावं?

तेंडुलकरांच्या मनात होतं ते वेगळंच होतं, आणि ते मुंबईतलं होतं. ते अनेक वर्षं वृत्तपत्रांत काम केलेले पत्रकार. 1966 साली शिवसेना स्थापन झाली. नंतरच्या चार-सहा वर्षांत ती गिरणगावात आणि महापालिकेत कशी वाढली हे त्यांनी जवळून पाहिलं. कम्युनिस्टांचं बळ मोडायला ही नवी ताकद सत्तेतल्या काँग्रेसला सोयीची होती, अशी त्या वेळी उघड चर्चा होती. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या नावावरून लोक तिला ‘वसंतसेना’ म्हणत. 1970 च्या जूनमध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. पुढे अनेक मुलाखतींमधून तेंडुलकरांनी सांगितलं की, सत्तेवरच्या लोकांनी आपल्या सोयीसाठी एक ताकद वाढू द्यायची आणि मग तिने कोणाचंच ऐकायचं नाही, हे ते पाहत होते. नाटकाचं बीज तिथलं.

म्हणून नाटकातली सगळ्यात महत्त्वाची जागा गौरीच्या सौद्याची नाही, त्यानंतरची आहे. कोतवालीचा कागद देऊन झाल्यावर नाना एकटा उरतो आणि प्रेक्षकांना आपला हिशेब समजावून सांगतो. मुलीच्या मोहापायी त्याने पद दिलं आहे असं घाशीरामाला वाटतं. नानाला ठाऊक आहे की त्याने एक ढाल मिळवली आहे. या परक्या माणसाला गावात कोणी आपला म्हणणार नाही, तो जुलूम करेल, तो त्याच्या नावावर चढेल, त्यात नानाचेही जुलूम खपून जातील, आणि डोईजड झाला की त्याला दूर करता येईल. सत्तेचं हे गणित मराठीत इतक्या थंडपणे कोणी मांडलं नव्हतं. तेंडुलकरांना सांगायचं होतं ते हे. घाशीराम कसा तयार होतो, त्याला कोण तयार करतं, आणि त्याला ठेचून मारलं की प्रश्न संपला असं समजणाऱ्या जमावाची कशी फसगत होते.

मग पुण्याच्या प्रेक्षकाला हे का दिसलं नाही? लोक संकुचित होते, असं सोपं उत्तर नेहमी दिलं जातं. मला ते मान्य नाही. 1972 च्या प्रेक्षागृहात पन्नाशीचा जो माणूस बसला होता त्याने 1948 पाहिलं होतं. गांधीजींचा खून झाल्यावर पश्चिम महाराष्ट्रात गावोगाव ब्राह्मणांची घरं जळली. कितीतरी कुटुंबं एका रात्रीत गाव सोडून पुण्यात आली ती परत गेलीच नाहीत. नंतर कूळकायद्यात जमिनी गेल्या. कायदा न्याय्य होता, कसणाऱ्याची जमीन त्याला मिळायलाच हवी होती. पण ज्याची गेली त्याच्या घरात तिचं दुःख उरलंच. 1948 च्या घटनांना तेव्हा जेमतेम 24 वर्षं झाली होती, आणि हे दुःख चारचौघांत बोलायचीही सोय नव्हती. अशा माणसापुढे रंगमंचावर बारा ब्राह्मण येतात, शेंड्या हलवत बावनखणीत शिरतात, घरी त्यांच्या बायका दुसऱ्यांबरोबर असतात, आणि प्रेक्षागृह हसतं. त्या माणसाने सत्तेचं गणित वाचावं ही अपेक्षा मला निर्दय वाटते. त्याने त्या हसण्यात आपल्या जातीचा वर्मी लागणारा उल्लेख ऐकला, आणि तो रंगमंचावर होताच. आक्षेप घेणाऱ्यांनी काहीही कल्पनेने रचलं नाही. भिंत ब्राह्मणांची होती, ती लेखकाने ब्राह्मणांची केली होती आणि दिग्दर्शकाने तिला हसवण्याजोगी लय दिली होती.

दुसरं कारण जास्त जुनं आहे. मराठी प्रेक्षकाला रंगमंचावर कोणी दिसलं की ‘हा खरा कोण?’ असं विचारायची सवय आहे, आणि ती सवय एका मोठ्या नाटकाने लावली. 1907 साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ आलं. कथा विराटाच्या दरबारातली, महाभारतातली. पण कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदभूमी, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे नाट्यगृहातल्या शेवटच्या रांगेलाही कळत होतं. नाटकात कर्झनचं नावसुद्धा नव्हतं. लंडनच्या टाइम्सने त्यावर लिहिलं, व्हॅलेंटाइन चिरोलने हिंदुस्थानातल्या असंतोषावरच्या आपल्या पुस्तकात त्याची दखल घेतली, आणि 1910 साली सरकारने नाटकावर बंदी घातली. ती उठायला 1926 उजाडलं. इथे लेखकाचा हेतू, प्रेक्षकांनी लावलेला अर्थ आणि सरकारने लावलेला अर्थ, तिन्ही तंतोतंत जुळले होते. खाडिलकर टिळकांच्या ‘केसरी’तले. त्यांना जे म्हणायचं होतं ते उघड म्हणता येत नव्हतं म्हणून त्यांनी पुराणाचा आडोसा घेतला, आणि तो आडोसा लोकांनी दूर करावा हीच त्यांची इच्छा होती.

‘घाशीराम’मध्ये नेमकं उलटं झालं. तेंडुलकरांनीही आडोसा घेतला, पण पेशवाईचा. महाभारतातल्या कीचकाचे वंशज तिकीट काढून नाटकाला येत नाहीत. पेशवाईतल्या माणसांचे येतात. लोक आडोशापाशीच थांबले, कारण आडोसा हेच त्यांचं घर होतं. या बाबतीत मी तेंडुलकरांच्या स्पष्टीकरणावर पूर्ण समाधानी नाही, हे इथे सांगायला हवं. त्यांचा मी निस्सीम वाचक आहे. पण ज्याला इतिहास लिहायचा नाही त्याने खऱ्या माणसाचं खरं नाव का वापरावं, हा प्रश्न विचारणारा माणूस मूर्ख नव्हता. नाना हे नाव काढून ‘एक प्रधान’ असं लिहिलं असतं तर नाटक अर्धं झालं असतं, हे तेंडुलकरांना ठाऊक होतं. नावाची सगळी ताकद त्यांनी वापरली. मग त्या नावामुळे दुखावलेल्यांना ‘नावाकडे लक्ष देऊ नका’ असं सांगता येत नाही. नाव वापरण्याचा हक्क लेखकाला आहेच, शंभर टक्के आहे. त्या नावासकट जे अर्थ येतात त्यांच्यावर मात्र त्याची मालकी चालत नाही.

नाटक थांबवण्याचा निर्णय या सगळ्याने योग्य ठरतो का? मुळीच नाही. दुखावलेल्या माणसाला आपला अर्थ सांगण्याचा हक्क आहे. लेख लिहावा, सभेत बोलावं, उत्तर म्हणून दुसरं नाटक लिहावं. दुसऱ्या प्रेक्षकाला त्याचा अर्थ शोधायची संधीच मिळू नये, असं करण्याचा हक्क त्याला नाही. पीडीएच्या निर्णयाने तेच होणार होतं. ते झालं नाही, याचं कारण त्या संचातली तरुण मंडळी. त्यांनी संस्था सोडली आणि 27 मार्च 1973 रोजी थिएटर अकॅडमी काढली. जब्बार पटेल, सतीश आळेकर, मोहन आगाशे आणि त्यांचे सोबती. 1974 च्या जानेवारीत ‘घाशीराम’ पुन्हा उभा राहिला आणि मग जवळजवळ दोन दशकं चालत राहिला.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण मला जास्त अस्वस्थ करते ती हीच बाजू. पुनरागमनानंतर नाटक गाजलं. गर्दी झाली. आणि बहुसंख्य प्रेक्षकांनी त्यावर प्रेम केलं ते त्याच्या देखणेपणासाठी. ती भिंत, ते टाळ, रवींद्र साठे आणि चंद्रकांत काळे यांचे आवाज, अभंगातून लावणीत जाणारी चाल. लोक घरी जाताना गुणगुणत गेले. तेव्हाच्या काही समीक्षकांनी तक्रार केली होती की नाच-गाण्याने आशय गिळला. ती तक्रार नंतर वाचताना मला कडवट वाटली होती. आता तिच्यात तथ्य दिसतं. संहिता हातात घेऊन वाचली तर शेवटचा प्रवेश अंगावर येतो. जमाव एका माणसाला ठेचतो, ज्याने त्याला तयार केलं तो समोर उभा असतो, आणि तोच जमाव त्याचा जयजयकार करतो. प्रयोगात हा प्रसंग लयीत येतो. लयीत आलेली हिंसा सुंदर दिसते. प्रेक्षक टाळ्या वाजवतो आणि समाधानाने उठतो, म्हणजे नाटकातल्या जमावाने जे केलं तेच तोही करतो. घाशीराम मेला, गोष्ट संपली.

आक्षेप घेणाऱ्यांनी निदान नाटक त्यांच्याविषयी आहे असं मानलं. त्यांना ते बोचलं. टाळ्या वाजवणाऱ्यांना ते दुसऱ्या कोणाविषयी तरी वाटलं. पुण्याबाहेरच्या प्रेक्षकाला ते पुण्याविषयी वाटलं, ब्राह्मणेतराला ब्राह्मणांविषयी, शहरी तरुणाला जुन्या काळाविषयी. लेखकाच्या हेतूपासून या दोन वाचनांपैकी कोणतं जास्त दूर गेलं असं मला कोणी विचारलं, तर मी प्रशंसकांचं नाव घेईन. भालबांना निदान हे नाटक धोकादायक आहे हे कळलं होतं. धोका कोणाला, एवढंच ठरवताना ते चुकले.

1980 साली नाटक युरोपच्या दौऱ्यावर निघालं तेव्हा विरोध पुन्हा पेटला. परदेशात नाना फडणवीसांची बदनामी होणार, मराठी संस्कृतीचं वाईट चित्र जाणार, असं म्हणणं होतं. प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं आणि तडजोड निघाली ती अशी: प्रयोगाआधी एक निवेदन वाचून दाखवायचं, की हे नाटक इतिहास नाही आणि नाना फडणवीस हे थोर मुत्सद्दी होते. प्रेक्षकाने काय समजावं हे पडदा उघडण्यापूर्वीच सांगून ठेवायचं, अशी ही सोय. तेंडुलकरांच्या नाटकाला ती नवी नव्हती. त्यांच्या ‘गिधाडे’मध्ये साडीवरच्या रक्ताच्या डागाला सेन्सॉरने हरकत घेतली, तेव्हा डाग निळा केला गेला आणि तो लाल समजावा असं प्रेक्षकांना सांगण्यात आलं, ही गोष्ट मराठी रंगभूमीवर प्रसिद्ध आहे. सांगितल्यावर प्रत्येकाला तो डाग जास्तच लाल दिसला असणार.

युरोपातल्या प्रेक्षकाला मात्र निवेदनाची गरजच नव्हती. नाना कोण हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून त्याची बदनामी होण्याचा प्रश्न नव्हता. सदाशिव पेठ माहीत नव्हती, म्हणून शेंडीला हसण्यात त्याला जात दिसत नव्हती. त्याच्यापुढे उरलं ते माणसांच्या भिंतीचं अफाट कौशल्य आणि सत्ता-देहाच्या सौद्याची एक जुनी, सगळ्या देशांत घडणारी गोष्ट. 1986 साली नाटक अमेरिकेतही गेलं. तिथल्या नाट्यगृहांत मराठी माणसंही होती, म्हणजे एकाच खोलीत दोन तऱ्हेचे प्रेक्षक, एकाला नाव ऐकू येणारा आणि एकाला फक्त सूर. 1984 साली जयंत कर्वे आणि इतिहासकार एलेनॉर झेलियट यांचा इंग्रजी अनुवाद पुस्तकरूपात आला होता, त्यामुळे अभ्यासकांच्या वर्गातही घाशीराम पोचला. तिथे तो भारतीय लोकनाट्याचा नमुना झाला. हेही तेंडुलकरांच्या मनात नव्हतं.

दरम्यान देशात घाशीरामाला नवनवी तोंडं मिळत होती. आणीबाणीत लोकांना त्यात दिल्ली दिसली. 1976 साली पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांनी ‘युक्त’ या सहकारी संस्थेतर्फे त्याचा चित्रपट केला. मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा, कमल स्वरूप अशी नावं त्यामागे आहेत. पटकथा तेंडुलकरांचीच, नाना मोहन आगाशेच, पण घाशीराम ओम पुरी, आणि ती त्यांच्या अगदी सुरुवातीच्या भूमिकांपैकी एक. चित्रपटात इंग्रजांचं येणं जास्त ठळक झालं, इतिहास पुढे आला. म्हणजे जो इतिहास नाटकात नाही असं लेखक सांगत होता तो पडद्यावर त्याच्याच लेखणीतून परत आला. पुढे 1984 मध्ये पंजाब पेटला तेव्हा भिंद्रनवाले आणि दिल्लीतलं सरकार यांच्या संबंधाशी अनेकांनी हे नाटक ताडून पाहिलं. आकृती अगदी बरोबर बसत होती. सोयीसाठी वाढवलेली ताकद, हाताबाहेर गेलेली ताकद, संपवलेली ताकद. पुण्यात 1972 मध्ये जो अर्थ लोकांच्या हाती लागला नव्हता तो बारा वर्षांनी बातम्यांनी समजावून दिला.

आणि 2025 साली हिंदीत संजय मिश्रा नाना होऊन रंगमंचावर आले. दिग्दर्शकांपैकी एक अभिजित पानसे. हेच पानसे 2019 च्या ‘ठाकरे’ या चित्रपटाचे दिग्दर्शक. ज्या राजकीय शक्तीच्या उदयातून हे नाटक सुचलं असं लेखकाने सांगितलं, त्या शक्तीच्या संस्थापकाचं चरित्र पडद्यावर मांडणाऱ्या माणसानेच ते पुन्हा उभं केलं. यात मला विसंगती दिसत नाही. नाटक लेखकाच्या हातून निघालं की असाच प्रवास करतं, आणि तेंडुलकर 2008 मध्ये गेले तरी तो थांबलेला नाही.

या सगळ्या अर्थांच्या गर्दीत एक माणूस मात्र फार उशिरा दिसला. गौरी. 1972 मध्ये वाद झाला तो नानाच्या अब्रूचा. लेखकाने स्पष्टीकरण दिलं ते सत्तेच्या स्वरूपाचं. समीक्षकांनी चर्चा केली ती आकृतिबंधाची. बापाने जिला विकली, प्रधानाने जिला वापरली, जी बाळंतपणात मेली आणि जिला गुपचूप पुरून टाकलं, तिच्याविषयी त्या वेळच्या वादात जवळजवळ कोणीच बोललं नाही. तिला स्वतःची वाक्यंही जेमतेम आहेत. पुढच्या काळात स्त्रीवादी अभ्यासकांनी नाटक वाचलं तेव्हा हा सौदा मध्यभागी आला: दोन पुरुषांमधल्या करारात बाईचं शरीर हे चलन. तेंडुलकरांना हे म्हणायचं होतं का? ते स्त्रियांवर होणारी हिंसा ओळखणारे लेखक होते, ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ त्याआधीच लिहून झालं होतं. तरी ‘घाशीराम’मध्ये गौरी हे घाशीरामाच्या पतनाचं निमित्त आहे, तिचं स्वतःचं दुःख लेखकाने फारसं लिहिलेलं नाही. आजच्या वाचकाला ते दिसतं. हे वाचन लेखकाच्या हेतूपेक्षा मोठं आहे, आणि नाटकाला ते पेलतं. मला वाटतं, या नाटकाचं आतापर्यंतचं सगळ्यात सरस वाचन हेच. ते करणाऱ्यांनी कोणाचा प्रयोग बंद पाडला नाही, लेखकाला माफी मागायला लावली नाही. त्यांनी संहिता पुन्हा उघडली आणि जिच्याकडे कोणी पाहत नव्हतं तिच्याकडे पाहिलं.

कलावंताच्या हेतूला काही किंमत नाही असं म्हणणाऱ्यांच्या पक्षात मी नाही. तेंडुलकरांनी आपलं बीज कुठून आलं हे सांगितलं नसतं, तर नानाचं ते स्वगत कितीतरी जणांनी खलनायकाचं नेहमीचं भाषण म्हणून सोडून दिलं असतं. हेतू कळला की नाटकात एक दार उघडतं. मात्र ते दार उघडलं म्हणून बाकीची बंद करता येत नाहीत. सदाशिव पेठेतल्या दुखावलेल्या माणसाचं दारही खरं होतं, पंजाबच्या बातम्या वाचून शहारलेल्या माणसाचंही आणि गौरीसाठी थांबलेल्या वाचकाचंही. लेखकाचं म्हणणं ऐकावं आणि मग स्वतःचे डोळे वापरावेत. निवेदन वाचून दाखवून डोळे बांधू नयेत.

‘घाशीराम कोतवाल’ची संहिता मराठीत सहज मिळते आणि वाचायला एक दुपार पुरते. या दिवाळीच्या सुट्टीत ती वाचा. नंतर जिथे कुठे प्रयोग लागेल तिथे जा, हौशी मंडळींचा असला तरी चालेल. शेवटच्या प्रवेशात दगड सुरू झाले की रंगमंचावरून नजर काढून क्षणभर प्रेक्षागृहाकडे पाहा, आणि टाळ्या कोणत्या वाक्याला पडतात हे ध्यानात ठेवा.